वजन उचलतं कोण?

३० जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो वजनगटात वेटलिफ्टिंगच्या मंचावर उतरला. स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर नेला. क्लीन अँड जर्कच्या पहिल्याच प्रयत्नात १३५ किलो झाले. सुवर्ण हाताशी आलं होतं. पुढच्या प्रयत्नात कोपर दुखावलं. तशा हाताने तो तिसऱ्यांदाही मंचावर आला, पण बार पेलला नाही. संकेतचे एकूण २४८ किलो झाले, मलेशियाच्या स्पर्धकाचे २४९. सुवर्ण एका किलोने गेलं, तरी भारताचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं पदक ठरलं.

ज्या शरीराने १३५ किलो डोक्यावर धरले, तेच शरीर त्याहून थोड्याशा जास्त वजनाखाली एका सांध्यापाशी अडलं. ताकद म्हणजे दंडाचा घेर, असं मानून चाललं तर या घटनेचा अर्थ लागत नाही. जिममध्ये नव्याने नाव घातलेली पोरं आरशात दंड बघतात, टेपने छाती मोजतात. वजन मात्र एकटा स्नायू उचलत नाही. त्याला हुकूम देणारे मज्जातंतू, तो ज्यावर ओढ घेतो ती हाडं, मधले सांधे आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा हे सगळे त्या कामात सामील असतात. यातला प्रत्येक जण आपापल्या गतीने तयार होतो. या गती फार वेगवेगळ्या आहेत, आणि व्यायामाच्या शास्त्रातला सर्वांत उपयोगी धडा तिथेच आहे.

आधी स्नायूच पाहू. त्याचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आडवे पट्टे दिसतात. पट्ट्यांमधल्या एकेका तुकड्याला सार्कोमिअर म्हणतात. तो साधारण अडीच मायक्रॉन लांब असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे चारशे तुकडे बसतात. स्नायू आखडतो तेव्हा आत काय घडतं, याचा उलगडा १९५४ साली झाला. ‘नेचर’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे लेख आले आणि दोन्हींचा निष्कर्ष सारखा होता. एका गटात अँड्र्यू हक्स्ली होते, दुसऱ्यात ह्यू हक्स्ली. आडनाव एक असलं तरी दोघांचं नातं नव्हतं. त्यांनी दाखवलं की स्नायूतले धागे स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनच्या जाड धाग्यांना असंख्य डोकी असतात. ती अ‍ॅक्टिनच्या बारीक धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा धरतात. रस्सीखेचीत गडी हात पुढे टाकत दोर आत घेतात, तसं हे चालतं.

यातून एक गोष्ट ओघाने येते. धागे फार ताणलेले असतील तर डोक्यांना धरायला पुरेसा दोर समोर नसतो. फार आत सरकलेले असतील तर दाटी होते. मधल्या लांबीला स्नायू सर्वांत जोरकस असतो. १९६६ साली बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर प्रयोग करून हे काटेकोर मोजलं गेलं. पुल-अप्स मारताना हात पूर्ण ताठ असतो तेव्हा अंग वर उचलायला जड का जातं आणि थोडं वर आल्यावर सुटल्यासारखं का वाटतं, त्याचं एक कारण हेच.

पण हा स्नायू आपणहून काहीच करत नाही. मज्जारज्जूतली एक चेतापेशी स्नायूतल्या काही तंतूंना एकाच वेळी कामाला लावते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अशा एका पेशीच्या हाताखाली जेमतेम दहाएक तंतू असतात, पोटरीच्या स्नायूत हजाराहून जास्त. अमेरिकन शास्त्रज्ञ एलवुड हेनेमन यांनी १९५७पासून केलेल्या कामात या पेशींचा क्रम शोधला. लहान पेशी आधी जागी होते, मोठी शेवटी. पाण्याचा तांब्या उचलायला लहान तुकड्या पुरतात. मोठ्या, जोरकस पण लवकर थकणाऱ्या तुकड्या मुख्यतः दोन प्रसंगी हजर होतात: भार खरोखर जड असेल तेव्हा, किंवा हलका भार उचलून उचलून लहान तुकड्या थकत आल्या की. म्हणून हलके डंबेल्स घेऊन, दम लागायच्या आत थांबणाऱ्याला वर्षभर जिमला जाऊनही फारशी ताकद येत नाही. त्याच्या शरीरातल्या सर्वांत जोरकस तंतूंना कोणी कामावर बोलावलेलंच नसतं.

नवख्याच्या पहिल्या महिन्यात जे होतं ते मोठं विलक्षण आहे. वजनं आठवड्या-आठवड्याला वाढतात, पण टेप मात्र हलत नाही. मुलगा खट्टू होतो. १९७९ साली तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डीव्हरीस यांनी याचं उत्तर दिलं. त्यांनी काही जणांना आठ आठवडे एकाच हाताच्या बेटकुळीचा व्यायाम दिला. एकीकडे स्नायूतले विद्युत्-संकेत मोजले, दुसरीकडे दंडाची जाडी. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची होती: जास्त तंतू कामाला लागत होते, जास्त जोराने लागत होते. तीन ते पाच आठवड्यांनंतर स्नायूच्या वाढीचा वाटा वरचढ झाला. आणखी एक गंमत अशी की व्यायाम न दिलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढली, त्या हाताचा स्नायू न वाढता. हे तसं नवं नव्हतं. १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी एका हाताने मूठ आवळण्याचा सराव करून घेतला होता आणि दुसऱ्या हाताची पकडही सुधारल्याचं नोंदवलं होतं. एक हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाने मोकळ्या हाताचा व्यायाम चालू ठेवला तर प्लास्टरमधल्या हाताची झीज काही प्रमाणात थोपवता येते, हे आज फिजिओथेरपीत वापरलं जातं.

म्हणजे ताकद अंगावर दिसण्याआधी अंगाला कळलेली असते. तालमीतला वस्ताद नव्या पोराकडून महिनोन्‌महिने तेच ते करवून घेतो, त्यामागचं हे शास्त्र त्याने पुस्तकात वाचलेलं नसतं. पण त्याचं निरीक्षण अचूक असतं.

आता सांध्यांकडे वळू, कारण व्यायामशाळेतले बहुतेक गैरसमज इथेच आहेत. जोव्हान्नी बोरेली या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात प्राण्यांच्या हालचालींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१मध्ये तो छापला गेला. शरीरातल्या तरफा स्नायूच्या सोयीच्या नाहीत, गैरसोयीच्या आहेत, हे त्याने त्यात गणिताने दाखवलं. हाताचंच उदाहरण घ्या. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर १० किलोची प्लेट धरली, तर ती कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटर लांब असते. दंडाचा पुढचा स्नायू मात्र कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवरच हाडाला जोडलेला. हिशेब केला तर १० किलो नुसते धरून ठेवायला स्नायूला पाऊणशे किलोच्या आसपास ओढ द्यावी लागते, आणि यात हाताचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. या गैरसोयीच्या बदल्यात शरीराला वेग मिळतो: स्नायू थोडासा आखडला तरी हात खूप अंतर फिरतो. चेंडू फेकायला, दगड मारायला तेच हवं.

थोडक्यात, सांध्यावर येणारा ताण किलोवर ठरत नाही. किलो गुणिले अंतर यावर ठरतो. तालमीतलं मुद्‌गल हे याचं देखणं उदाहरण आहे. मुठीजवळ धरलं तर तेच लाकूड हलकं, टोकाशी धरून खांद्यामागून फिरवलं तर मनगट आणि खांदा हिशेब मागतात. वजन तेवढंच, लांबी बदलली.

डेडलिफ्टमध्ये हाच हिशेब पाठीला भोगावा लागतो. कमरेजवळचे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर ओढ घेतात. १०० किलोचा बार पायापासून १० सेंटिमीटर पुढे गेला, तर तेवढ्याने त्या स्नायूंवर दीडशे ते दोनशे किलोंची जादा ओढ पडते, आणि ती सगळी मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब म्हणून उतरते. अनुभवी वेटलिफ्टरच्या नडग्या पाहा. बार घासून घासून तिथे खरचटल्याच्या जुन्या खुणा असतात, म्हणून अनेक जण गुडघ्यापर्यंत मोजे घालतात. बार पायाला जवळजवळ चिकटून वर जातो. नवखा नडगी वाचवायला बार पुढे धरतो आणि पाठ गमावतो.

गुडघ्याबाबतही असाच एक नियम गावोगावच्या जिममध्ये सांगितला जातो: स्क्वॉट मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. २००३ साली अ‍ॅण्ड्र्यू फ्राय आणि सहकाऱ्यांनी हा नियम तपासला. पायांपुढे फळी उभी करून गुडघे अडवले आणि मोकळ्या स्क्वॉटशी तुलना केली. गुडघ्यावरचा पीळ सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला खरा, पण माणूस पुढे वाकल्यामुळे खुब्यावरचा पीळ दहापटीहून जास्त वाढला. ताण नाहीसा झाला नाही, गुडघ्यावरून खुबा आणि कमरेकडे गेला. आपली जुनी बैठक चवड्यांवर मारतात; टाचा उचललेल्या, धड ताठ, गुडघे सरळ पुढे. नियमाच्या कसोटीवर ती चूक ठरते. तरी पिढ्यान्‌पिढ्या पैलवानांनी ती मारली, कारण त्यात वजन स्वतःच्या अंगाचंच असतं आणि गुडघा लहानपणापासून त्याला सरावलेला असतो. चाळिशीत पहिल्यांदा व्यायामाला लागलेल्या, वजन वाढलेल्या माणसाला तीच बैठक शेकड्याने मारायला लावणं मात्र अन्यायाचं आहे.

वजन वर नेण्याइतकंच, किंबहुना जास्त, ते खाली आणण्यात घडतं. १९५२ साली लंडनमध्ये बर्नार्ड अ‍ॅबट, ब्रेंडा बिगलँड आणि मर्डॉक रिची यांनी एक सुंदर प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायचं, दुसऱ्याने ते उलट फिरताना पायांनी अडवायचं. दोघांच्या पायांवर ओढ सारखीच, पण एकाचा स्नायू आखडत काम करतो, दुसऱ्याचा ताणला जात. अडवायला लहानखुऱ्या बिगलँड बसल्या. पेडल मारणारा पुरुष धापा टाकू लागला, त्या आरामात होत्या. प्राणवायूचा वापर मोजला तेव्हा अडवणाऱ्याचा खर्च कितीतरी पट कमी निघाला. स्नायू ताणला जात असताना तितक्याच ओढीसाठी कमी तंतू लागतात, कमी इंधन लागतं.

पण थोड्याच तंतूंवर सगळा भार पडतो, आणि तिथेच दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचं मूळ आहे. राजगड उतरून आलेल्याच्या मांड्या दोन दिवसांनी आखडतात, त्या चढल्यामुळे नाही, उतरल्यामुळे. पायरी उतरताना मांडीचा पुढचा स्नायू दर पावलाला ताणला जात शरीर अडवत असतो. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साठलं’ हे त्याचं सांगितलं जाणारं कारण चुकीचं आहे. लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात बहुतांशी निघून जातं आणि हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. तंतूंना झालेली बारीक इजा आणि तिच्या दुरुस्तीची धावपळ असं ते दुखणं आहे. थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच तशी शक्यता मांडली होती. दिलासा देणारी बाब अशी की एकदा असा व्यायाम झाला की पुढच्या काही आठवड्यांत तोच व्यायाम पुन्हा केल्यावर दुखणं फारच कमी होतं. म्हणून पहिल्या दिवशी शंभर बैठका मारून तीन दिवस जिना चढता न येणाऱ्याने व्यायाम सोडू नये. त्याने दुसऱ्या खेपेला वीसच माराव्यात, पण माराव्यात.

मग वाढवायचं किती आणि कसं? याचं पद्धतशीर उत्तर खेळाच्या मैदानावर नाही, लष्करी इस्पितळात सापडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांची गर्दी होती. हलक्या व्यायामाने ते महिनोन्‌महिने खाटेवर राहत. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरने लहानपणी संधिवाताच्या तापातून उठल्यावर स्वतः वजनं उचलून अंग कमावलं होतं. त्याने सैनिकांच्या पायात लोखंडी बूट बांधून त्यावर वजनं चढवली आणि दर आठवड्याला ती वाढवत नेली. सैनिक झपाट्याने सुधारले. १९४५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत त्याने तीन फेऱ्यांची रीत बसवली: दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन ठरवायचं, आधी त्याच्या निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. आज जगभर ‘तीन सेट, दहा रेप्स’ म्हणतात ते इथून आलं.

डीलॉर्मचं दुसरं म्हणणं तितकंच महत्त्वाचं होतं. जड वजन थोड्या वेळा उचलल्याने जोर येतो, हलकं वजन अनेकदा उचलल्याने दम येतो, आणि एकाची जागा दुसरा घेत नाही. हजार जोर मारणारा पैलवान दमाने अजिंक्य असू शकतो, पण पहिल्या शंभरांनंतरच्या जोरांनी त्याची उचल फारशी वाढत नाही. कुस्तीला दोन्ही लागतं. म्हणून आजच्या चांगल्या तालमीत मातीच्या शेजारी बार आणि प्लेट्स आल्या, हे परंपरा मोडणं नव्हे.

दोन सेटमध्ये किती थांबायचं, यावरही बराच वाद होतो. जड उचलीचं इंधन म्हणजे स्नायूत साठलेलं क्रिएटिन फॉस्फेट. ते दहाएक सेकंद पुरतं. त्यातलं निम्मं अर्ध्या मिनिटाच्या आसपास भरून येतं, पुरतं भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. जोर कमवायचा असेल तर तेवढं थांबावं.

राहता राहिल्या कंडरा. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे व्यायामानंतरचे एक-दोन दिवस तो नवी प्रथिनं झपाट्याने बांधतो. कंडरेचं तसं नाही. ती किती सावकाश बदलते, हे समजायला अणुबॉम्बची मदत झाली. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झालं आणि मग हळूहळू उतरलं. अन्नातून ते त्या वेळच्या प्रत्येकाच्या शरीरात गेलं. डॅनिश शास्त्रज्ञांनी २०१३ साली टाचेमागच्या कंडरेच्या गाभ्यात हे कार्बन मोजलं. माणूस सतरा वर्षांचा होईपर्यंत हवेत जितकं होतं, तितकंच ते त्या गाभ्यात आजन्म गोठलेलं सापडलं. म्हणजे वाढीचं वय संपल्यावर गाभा जवळजवळ नव्याने बांधलाच जात नाही. जड व्यायामाने कंडरा ताठ आणि मजबूत होते हे खरं, पण महिन्यांच्या हिशेबाने, आणि स्नायूच्या बरीच मागे राहून.

मज्जातंतू आठवड्यांत शिकतात, स्नायू महिन्यांत वाढतो, कंडरा त्याहून मागे. वजन वाढवायची घाई करणाऱ्याला पहिले दोघे साथ देतात आणि तिसरी तुटते. स्टेरॉईडची इंजेक्शनं तर ही दरी आणखी रुंद करतात. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, स्टेरॉईड घेणाऱ्या व्यायामपटूंपैकी २२ टक्के जणांची कंडरा कधी ना कधी तुटली होती. न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होतं. तालुक्याच्या गावांत ‘तीन महिन्यांत बॉडी’ असे फलक लागतात आणि विशीच्या आतली मुलं कुणाच्या तरी सांगण्यावरून सुया टोचून घेतात. त्या मुलांना हे आकडे कोणी तरी समोर बसवून सांगायला हवेत.

या शास्त्राचा सर्वांत मोठा लाभ मात्र पैलवानांना नाही, म्हाताऱ्यांना आहे. १९९० साली मारिया फियातारोने यांनी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना मांडीचा जड व्यायाम दिला. सगळ्यांची वयं ८६ ते ९६. वजनं थोडी नव्हती. प्रत्येकाला जेवढं एकदाच उचलता येईल त्याच्या ८० टक्के, आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू मात्र सुमारे ९ टक्केच. बाकीची वाढ मज्जासंस्थेने दिली, नव्वदीतल्या मज्जासंस्थेने. दोघांची काठी सुटली.

आपल्या घरांत सत्तरी ओलांडलेल्या आजीला सगळे सांगतात, ‘तू बस, मी आणते.’ ती मांडी घालून बसेनाशी होते, मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठते, मग उठवावं लागतं. डॉक्टरांना विचारून, कोणी तरी शेजारी उभं राहून, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं दिवसातून दहा वेळा सुरू करता येतं. बसताना सावकाश, कारण ताणला जाणारा स्नायू तिथे सर्वांत जास्त शिकतो. दहा सहज जमले की पुढच्या आठवड्यात हातात तांदळाची एक किलोची पिशवी.